तीन संगणकांची एक किल्ली

(बी. कॉम. भाग २)

किल्ली या वस्तूला माझ्याजवळ तीन नावे आहेत. घरात आम्ही तिला 'कीलीकै' म्हणतो, शाळेत 'किल्ली' शिकलो आणि गल्लीत 'चावी' म्हटल्याशिवाय ती कोणी हातावर ठेवत नाही. घर कन्नड, शाळा मराठी आणि गल्ली गुजराती-हिंदी, असा हा मामला आहे. माझे आजोबा अक्कलकोट तालुक्यातले गाव सोडून सुरतेला मागावर काम करायला गेले आणि आम्ही पर्वत पाटियाचे झालो. हमरस्त्यावरून गावाकडे वळायचे त्या ठिकाणी गावाच्या नावाची पाटी असते; अशा फाट्याला गुजरातेत पाटिया म्हणतात. आमचा फाटा कधीच शहराच्या पोटात गेला आहे. आता तिथे साड्यांची गोदामे आहेत, मारवाडी व्यापाऱ्यांच्या सोसायट्या आहेत आणि आमच्यासारख्यांच्या चाळीही आहेत. सुरत महानगरपालिका सात माध्यमांच्या प्राथमिक शाळा चालवते. त्यांत मराठी आहे, तेलुगू आहे, ओडियाही आहे, कन्नड नाही. म्हणून मी मराठी शाळेत गेलो. आपल्या या अंकाचे दोन्ही विभाग मी सारख्याच आपुलकीने वाचतो, त्याचे कारण हे असे आहे.

या लेखात मी ज्या किल्लीविषयी लिहिणार आहे तिला दांडा नाही, दाते नाहीत. ती एका कागदावर छापलेली अक्षरे आणि आकडे यांची ओळ आहे. संगणकाची राखण करणाऱ्या सॉफ्टवेअरचे, म्हणजे अँटिव्हायरसचे, एक पाकीट आमच्या घरी २०२३ च्या दिवाळीत आले. पाकीट एक, किल्ली एक आणि संगणक तीन. घरातला अप्पांचा संगणक, अक्काचा लॅपटॉप आणि इथे वसतिगृहात माझ्याजवळ असलेला लॅपटॉप. वाण्याकडून एक किलो साखर आणून तीन डब्यांत भरावी इतका हा साधा व्यवहार आहे असे आम्हा सर्वांना वाटले होते. पण त्या एका ओळीने वर्षभरात आमच्या घरात जेवढे प्रश्न उभे केले तेवढे शेतीच्या वाटणीनेही केले नव्हते.

प्रथम ही किल्ली चालते कशी ते सांगतो. पूर्वी ती खरोखर किल्लीसारखीच होती, म्हणजे कुलपाला बसली की काम झाले. विंडोज ९५ ची किल्ली आमच्या वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला गंमत वाटावी अशी आहे. दुकानात मिळणाऱ्या प्रतीच्या किल्लीत शेवटी सात अंक असत आणि त्यांच्या बेरजेला सातने भाग गेला की संगणक समाधान पावत असे. एकच किल्ली शंभर संगणकांवर चालली तरी कोणाला पत्ता लागण्याचे कारण नव्हते, कारण कोणी मोजतच नव्हते. २००१ साली विंडोज एक्सपी आले आणि त्याबरोबर सक्रियीकरण घरोघरी आले. आता किल्ली टाकली की संगणक आपल्या अंगच्या काही खुणा जमवतो, त्यांचा एक आकडा तयार करतो आणि किल्लीसह कंपनीकडे पाठवतो. कंपनीच्या दप्तरी त्या किल्लीच्या नावे एक खाते असते. त्या खात्यावर हा संगणक मांडला जातो. तीनची मुभा असेल तर चौथ्या वेळी खाते बंद.

म्हणजे ही किल्ली नव्हेच, हा खातेक्रमांक आहे. सक्रिय करणे म्हणजे नावे टाकणे, निष्क्रिय करणे म्हणजे उलट नोंद करणे. आमच्या अभ्यासातले टॅली घ्या. १९८६ साली बंगळूरला श्यामसुंदर गोएंका आणि भारत गोएंका या पितापुत्रांनी सुरू केलेल्या कंपनीचे ते अपत्य. त्याचा 'सिल्व्हर' परवाना एका संगणकापुरता असतो आणि 'गोल्ड' एका जाळ्यात जोडलेल्या अनेक संगणकांसाठी. संगणक बदलायचा तर जुन्यावर परवाना आधी 'सरेंडर' करावा लागतो, मग तो नव्यावर चढतो. हे ज्याला समजले त्याला घरगुती पाकिटाचे सगळे तंत्र समजले.

आम्हाला ते जरा त्रासाने समजले. २०२४ च्या जानेवारीत अप्पांचा संगणक बंद पडला. दुरुस्ती करणाऱ्याने तो पुसून कोरा करून दिला. पुन्हा किल्ली टाकली तर पडद्यावर उत्तर आले की तीन संगणक पूर्ण झाले आहेत. जुन्या नोंदीवर उलट नोंद झालेली नव्हती, त्यामुळे दप्तरात अप्पांचा जुना संगणक अजून जिवंत होता आणि नवा उपरा ठरला होता. अप्पांनी मदतकेंद्राला फोन लावला आणि किल्ली वाचून दाखवायला सुरुवात केली. पलीकडचा माणूस हिंदीत विचारी, अप्पा गुजराती वळणाच्या हिंदीत सांगत आणि मध्येच अज्जी कन्नडात विचारी की कोण वारले, एवढ्या मोठ्याने का बोलतोस. 'बी' की 'आठ', 'ओ' की 'शून्य' यात वीस मिनिटे गेली. एक्सपीच्या किल्लीत शून्य, एक आणि पाच हे अंक नव्हते आणि इंग्रजी स्वरही नव्हते, असे मी पुढे वाचले, तेव्हा त्यामागचा शहाणपणा पटला. शेवटी जुनी नोंद काढली गेली. त्या दिवशी अप्पांनी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला तीन रकाने आखले : संगणक, कोणाचा, कोणत्या तारखेला. मेहताजीचे घर ते! नोंदीवाचून त्यांना झोप येत नाही.

अप्पा रिंग रोडवरच्या कापड बाजारात एका साडीच्या पेढीवर मेहताजी आहेत. ज्या पेढीची वही लिहायची त्या पेढीचा संगणक मात्र राखणीवाचून चालला होता. आमच्या घरी पाकीट आहे हे शेठना कळले, तेव्हा ते सहज म्हणाले, "मेहताजी, तुमच्या मुलीचं लग्न ठरलंय. ती गेली की एक जागा रिकामी होईल. तेवढी दुकानात टाकून द्या."

शेठ माणूस वाईट नाही. शेजाऱ्याकडे विरजण मागावे तसे त्यांनी मागितले. नाही म्हणणे अप्पांना सोपे नव्हते. सतरा वर्षांची नोकरी होती. अप्पा म्हणाले, "शेठ, घरचा डबा मी रोज दुकानात आणतो. पण दुकानाचं जेवण घरच्या चुलीवर शिजवत नाही." आणि मग त्यांनी शेठना समजेल अशा भाषेत सांगितले. घरगुती पाकीट घरगुती वापरासाठी आहे, त्याचे बिल पेढीच्या नावावर नाही. पेढीच्या नावाने पाकीट घेतले तर तो धंद्याचा खर्च धरता येतो आणि भरलेल्या अठरा टक्के जीएसटीचे क्रेडिटही मिळते. घरासाठी घेतलेल्या वस्तूवर ते मिळत नाही. शिवाय १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने ६३-ब हे कलम आले आहे. अनधिकृत प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरली तर किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड, अशी त्यात तरतूद आहे. वापर धंद्यासाठी किंवा नफ्यासाठी नसेल तर न्यायालय कैद माफ करून पन्नास हजारांपर्यंतच्या दंडावर भागवू शकते; दुकानाला मात्र ही सवलत नाही. एका किल्लीचा चौथा वापर या कलमात बसतो की नुसता कराराचा भंग ठरतो, हे वकील जाणोत. पण घर आणि दुकान यांत कायदा फरक करतो, एवढे शेठना कळले. चारपाच दिवस ते अप्पांशी कामापुरतेच बोलले. सहाव्या दिवशी पेढीच्या नावाचे बिल अप्पांच्या टेबलावर आले.

दुकानाचा प्रश्न असा सुटला, कारण तिथे रेघ स्पष्ट होती. घराची रेघ कोठे मारायची हा प्रश्न पुढे आला, आणि तो अवघड निघाला.

घर म्हणजे कोण? आपण हा प्रश्न कधी विचारत नाही, कारण उत्तर ठाऊक आहे असे आपल्याला वाटते. पण हे उत्तर प्रत्येक दप्तरात निराळे आहे. जनगणना चुलीवरून कुटुंब ठरवते. जे नेहमी एकत्र राहतात आणि एका स्वयंपाकघरातले जेवतात ते एक कुटुंब. कामाच्या निकडीमुळे कोणी बाहेर असेल तर त्याला सूट. वसतिगृहात राहणारा मी मात्र तिच्या लेखी संस्थात्मक कुटुंबात मोजला जातो. प्राप्तिकराचा कायदा अविभक्त हिंदू कुटुंबाला एक स्वतंत्र 'व्यक्ती' मानतो. तिथे चूल पाहत नाहीत, पूर्वज पाहतात, आणि कारभार कर्त्याच्या हाती असतो. सॉफ्टवेअर कंपन्यांनी बहुधा छप्पर पाहिले. २००९ साली विंडोज ७ चे कौटुंबिक पाकीट निघाले, ते एका घरातल्या तीन संगणकांसाठी होते. अॅपलने २००२ पासून आपल्या मॅक प्रणालीचे पाच संगणकांचे कौटुंबिक पाकीट विकले. त्याच्या करारात घराची व्याख्याच दिलेली होती : एका निवासात राहणाऱ्या व्यक्ती, आणि त्या घरचे पण शिक्षणासाठी महाविद्यालयाच्या आवारात राहणारे विद्यार्थी. ही व्याख्या वाचून मला बरे वाटले. दूर देशातल्या कोणा वकिलाने माझ्यासारख्या वसतिगृहातल्या मुलाची आठवण ठेवली होती.

पण त्याने अक्काची आठवण ठेवली नव्हती.

अक्काचे लग्न २०२४ च्या मे महिन्यात झाले आणि ती इंडीला नांदायला गेली. लॅपटॉप तिने शिकवण्या करून स्वतःच्या पैशाने घेतला होता, तो तिच्याबरोबर गेला. जूनमध्ये गोडादऱ्याचे काका आले. काका २०१९ पासून वेगळे राहतात. चहा पिता पिता ते म्हणाले, "अक्काची जागा आता मोकळीच आहे ना? आमच्या पोराच्या कॉम्प्युटरवर टाका ती. आडनाव तर एकच आहे." त्यांच्या बोलण्यात हक्क होता तसे प्रेमही होते. चूल वेगळी झाली तरी किल्ली एक राहील, असेही त्यांना वाटत असावे.

अप्पांनी मला फोन केला. नोंदीचे पान माझ्या लॅपटॉपवर उघडते. मी ते उघडले. तीन ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीसमोर 'काढून टाका' अशा अर्थाचे बटण होते. अप्पा म्हणाले, "अक्काची ओळ काढ." तेवढ्यात मागून अव्वाचा आवाज आला. ती संगणकाला कधी हात लावत नाही. दिवसभर साड्यांची धागा-कटिंग करते आणि साड्यांचा हिशेब वहीत खुणा करून ठेवते. ती म्हणाली, "रेशनकार्डावरून तिचं नाव कापलं तेव्हा मी काही बोलले नाही. कापावंच लागतं म्हणाले. आता यातूनही कापायचं?"

अप्पा म्हणाले, "अगं, हे नाव नाही, मशीन आहे."

अव्वा म्हणाली, "मग पोराचं मशीन का नाही कापत? तो तरी कुठे इथे राहतो?"

मला उत्तर सुचले नाही. खरोखरच, छप्पर हीच कसोटी असेल तर मी आणि अक्का दोघेही त्या छपराखाली नव्हतो. मी दोन वर्षांपूर्वी घर सोडले, अक्काने दोन महिन्यांपूर्वी. माझी जागा रिकामी झाली असे शेठना वाटले नाही, काकांना वाटले नाही, अप्पांना नाही आणि मलाही नाही. अक्काची जागा रिकामी होणार हे मात्र लग्न ठरताच सर्वांना दिसले होते. मुलगा बाहेर असतो, मुलगी गेलेली असते. भाषेतच तसे बसले आहे. मराठीत आहे आणि कन्नडातही आहे.

कायदा आता असे म्हणत नाही. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली आणि मुलगी जन्मानेच मुलासारखी सहदायाद झाली. लग्नाने तो हक्क जात नाही. तारीख ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असले पाहिजेत की नाही, यावर पुढे वाद झाला. विनीता शर्मा यांच्या खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तशी अट नाही असा निकाल दिला. हे सर्व मी वर्गात शिकलो होतो, परीक्षेत लिहिलेही होते. पण अव्वा त्या रात्री जे बोलली ते कोणत्याही पुस्तकात नव्हते. तिच्या माहेरी, तिचे वडील गेल्यावर, भावांनी तिला बोलावले. साडीचोळी केली, पुरणपोळीचे जेवण केले आणि मग कचेरीत नेऊन हक्कसोडपत्रावर सही घेतली. ती म्हणाली, "मागितलं असतं तर मी दिलंच असतं. पण मागितलंच नाही कोणी. कागद पुढे केला, बोट दाखवलं, इथे सही कर म्हणाले. तुझ्या मामांवर माझा राग नाही. पण सही करताना वाटलं की मी आधीच तिथली नव्हते, कागद फक्त आज झाला."

मी बटण दाबले नाही. दुसऱ्या दिवशी अक्काला फोन केला आणि सगळे सांगितले. ती आधी खूप हसली. मग तिने तो करार पाठवायला सांगितला. आमच्या घरात करार वाचणारी ती पहिलीच! दोन दिवसांनी तिचा फोन आला.

"तम्मा," ती म्हणाली, "लिहिलंय ते असं की एका घरातले संगणक, घरगुती वापर. मी आता दुसऱ्या घरात राहते, हे खरं आहे. म्हणून माझी ओळ जायला हवी. पण काकांच्या घरीही ती देता येणार नाही, तेही दुसरंच घर आहे. हे काकांना मी सांगते, अप्पांना सांगायला लावू नका. आणि ओळ मी माझ्या हाताने काढीन. तू काढू नकोस."

तिने ती काढली. त्याआधी इंडीच्या घरासाठी तिने निराळे पाकीट घेतले. काकांना तिने काय सांगितले ते मला माहीत नाही. दिवाळीला ते आले तेव्हा त्यांच्या मुलाजवळ त्याचे स्वतःचे पाकीट होते. अव्वाला मी भीतभीत सांगितले की अक्काने नाव काढले. अव्वाने विचारले, "तिने स्वतः काढलं ना?" मी हो म्हटले. ती पुन्हा साडीचे धागे कापू लागली. कॅलेंडरच्या मागे अप्पांनी अक्काच्या ओळीपुढे तारीख घातली आणि 'स्वहस्ते' असे लिहिले. मेहताजीच्या वहीत हा शब्द उगाच येत नाही.

त्यानंतर घरात आणखी एक बोलणे झाले. गावाकडच्या जमिनीचा सातबारा अजून आजोबांच्या नावावर आहे आणि वारसांची नोंद व्हायची आहे. अप्पा आणि काका यांना दोन बहिणी आहेत. नोंद झाली की त्यांची हक्कसोडपत्रे करून घ्यायची, असे दोघा भावांनी धरून ठेवले होते. अव्वा म्हणाली, "दोघी वन्संना आधी विचारा. सोडलं तर सोडलं, नाही सोडलं तर नाही." अप्पा त्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "विचारतो." अजून विचारणे झालेले नाही. उत्तर काय येईल आणि काका काय म्हणतील, हे सांगता येत नाही. पण विचारायचे ठरले आहे.

हल्ली सामायिक किल्लीच हळूहळू जाते आहे. मायक्रोसॉफ्टचे घरगुती पाकीट आज वर्गणीवर मिळते. २०१८ च्या ऑक्टोबरपासून त्यात सहा जणांची सोय आहे, आणि २०२० पासून त्याचे नावच 'फॅमिली' असे झाले आहे. त्यात एकच किल्ली सहा जणांनी टाकायची नसते. वर्गणी भरणारा कर्ता बाकीच्या पाच जणांना निमंत्रण पाठवतो आणि प्रत्येक जण आपल्या खात्याने आत येतो. कोणाचे पत्र कोणी वाचत नाही, हे चांगलेच आहे. मात्र निमंत्रण द्यायचे कोणाला आणि काढून टाकायचे कोणाला, हे कर्त्याच्या एका बटणावर आहे. अविभक्त कुटुंबाच्या कर्त्यालाही कायद्याने इतके मोकळे हात दिलेले नाहीत.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी असे एखादे पाकीट असेलच, म्हणून हिशेबाच्या चार गोष्टी सांगतो. किल्ली कोणाच्या लक्षात ठेवण्यावर सोडू नका. संगणक, माणूस आणि तारीख लिहून ठेवा. संगणक पुसण्यापूर्वी किंवा विकण्यापूर्वी त्यावरची नोंद उतरवून घ्या. दुकानाचे पाकीट दुकानाच्या बिलाने घ्या. करार एकदा तरी वाचा, आणि घरातल्या मुलींना वाचायला द्या.

राहिली ती ओळ काढण्याची गोष्ट. तिथे करार जे सांगेल ते करावेच लागते, आणि अक्कानेही तेच केले. पण बटण दाबण्याआधी ज्याची ओळ आहे त्याला एक फोन करता येतो. त्याला पैसे पडत नाहीत, आणि कोणत्याही कराराने तो मना केलेला नाही.